डिप सुरेख, हायड्रोजन गायब: एफआर-फोर पॅचचं जुनं दुखणं

दिवाळी सरली की हा प्रश्न यायला लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत थांबत नाही. कारण उघड आहे: २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन, आणि तिथे आपलं काहीतरी मांडावं असं जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराला वाटतं. वाटायलाच हवं. पण फोनवरची वाक्यं दर वर्षी तीच असतात: "सर, १४२० मेगाहर्ट्झचा पॅच बनवला. व्हीएनएवर डिप उणे पंचवीस डेसिबलपर्यंत जातोय. एलएनए आहे, डोंगल आहे, रात्रभर डेटा घेतला. हायड्रोजनचा उंचवटा काही दिसत नाही." ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी: आकाशगंगेतला हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर रेडिओलहरी सोडतो, त्यांचा आलेखात उंचवटा येतो. पॅच म्हणजे त्या पकडणारा चपटा अँटेना, एफआर-फोर या नेहमीच्या सर्किट बोर्डावर कोरलेला. व्हीएनए म्हणजे अँटेनात पाठवलेली ताकद किती परत येते ते मोजणारं यंत्र; जिथे ती जवळजवळ परत येत नाही तो डिप. एलएनए हा कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर, डोंगल हा लॅपटॉपला लावायचा रिसीव्हर.

कधी त्याच्या आधीची तक्रार येते: "डिप १४२० ला यायला पाहिजे होता, आला १३९० ला." पोरांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. दोन्हींचं मूळ एकच, ते म्हणजे बोर्ड. सरकलेल्या डिपचा प्रश्न कानशीने सुटतो, न दिसणाऱ्या हायड्रोजनचा नाही. म्हणून डिपचा आधी उरकतो.

डिप सरकलेला असेल तर

नेहमीच्या सूत्रांत एप्सिलॉन (बोर्डाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक) ४.४ आणि जाडी १.६ मिमी घातली की १४२०.४ मेगाहर्ट्झसाठी पॅचची लांबी साधारण ५० मिमी आणि रुंदी ६४ मिमी येते. इथवर सगळ्यांचं बरोबर असतं. घोळ ४.४ या आकड्यात आहे. एफआर-फोर म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक कारखान्याचं वेगळं. दुकानात मिळणाऱ्या पत्र्याचा एप्सिलॉन ४.२ ते ४.७ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. तो ४.६ निघाला तर तोच ५० मिमीचा पॅच १३९० च्या आसपास बसतो, ४.२ निघाला तर १४५० च्या वर. म्हणजे ०.२ चा फरक आणि तीस मेगाहर्ट्झची घसरण.

पोरं दोष एचिंगला देतात. फेरिक क्लोराइडने कडेखालचं तांबं खाल्लं तरी ते तांब्याच्या जाडीइतकं, ३५ मायक्रॉनच्या घरात. दोन्ही कडा धरल्या तरी फरक दोन मेगाहर्ट्झचा, आणि तोही वरच्या बाजूला. डिप खाली सरकला असेल तर बिचाऱ्या फेरिक क्लोराइडचा संबंधच नाही.

उपाय सोपा आहे. या आकाराच्या पॅचला एक मिलिमीटर लांबी म्हणजे सुमारे २८ मेगाहर्ट्झ. डिप १३९० ला आला तर १.१ मिमी कमी करा. पहिला पॅच हा अँटेना नाहीच, ते त्या पत्र्याचं मोजमाप आहे असं धरून चाला. मग त्याच पत्र्यातून दुसरा कापा. लागतील तितके तुकडे एकाच वेळी, एकाच पत्र्यातून घ्या. अर्धा पत्रा नवरात्रात आणि अर्धा संक्रांतीला आणला, तर पहिल्याचं माप दुसऱ्याला लागू पडेल याची खात्री नाही.

व्हीएनएचं एक सांगून ठेवतो. आपल्या सगळ्यांकडे तो छोटा, हातात मावणारा नॅनोव्हीएनए असतो. त्याच्या मूळ रचनेत ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मोनिक वापरून माप घेतलं जातं, त्यामुळे १४२० ला तो आधीच दमलेला असतो. कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला करा, आणि १३०० ते १५५० एवढ्याच पट्ट्यात करा. पूर्ण पट्टा ठेवून एकदाच कॅलिब्रेशन करायचं आणि मग झूम करायचं, ही सवय सोडा.

डिप जागेवर आहे, तरी हायड्रोजन नाही

हे खरं दुखणं. मी स्वतः यात एक अख्खा हिवाळा घालवलाय, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या कॉलेजच्या गच्चीवर चार पोरं आणि मी असा प्रयोग लावला होता. चार पॅचची टू-बाय-टू रचना, एकाच एफआर-फोर बोर्डावर, फीडच्या (पॅचमधून सिग्नल नेणाऱ्या) पट्ट्याही त्याच बोर्डावर छापलेल्या. डिप १४२०.५ ला, उणे अठ्ठावीस. मी तो स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला होता, आता सांगायला लाज वाटते. मग महिनाभर काहीच नाही. लॅबमधले मामा रोज सकाळी चहा आणताना विचारायचे, "काय भो, सापडनं का?" आणि आम्ही मान हलवायचो.

पहिला संशय गोंगाटावर. आजूबाजूला मोबाइलचे टॉवर, एलईडीचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा नियम आहे. पण नियम एलईडीच्या स्वस्त ड्रायव्हरला वाचता येत नाही. म्हणून बॅटरी, लॅपटॉप, अँटेना गाडीत टाकून चाळीसगावच्या पुढे पाटण्याला गेलो, डोंगराच्या पायथ्याला ओळखीच्या एका शेतात. पाटणादेवीच्या त्या परिसरात १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. आकाशाचं गणित करायला जागा चांगली, असं पोरांना म्हणालो. भरीत-भाकरी खाल्ली, रात्रभर जागलो. टॉवरचा गोंगाट खरंच कमी झाला. उंचवटा तरीही नाही.

तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. गोंगाट गेला, तरी दुखणं तसंच राहिलं, म्हणजे दोष बाहेरचा नाही. पण आम्ही परत येऊन एलएनए बदलला. मग डोंगल बदललं. मग केबल.

शेवटी एका पोराने सहज एक उद्योग केला. अँटेनाच्या जागी व्हीएनएच्या किटमधला पन्नास ओहमचा लोड लावला आणि म्हणाला, "सर, याचा रिटर्न लॉस आपल्या अँटेनापेक्षा भारी आहे."

गंमत म्हणून बोलला, पण सगळं त्यातच होतं. व्हीएनए एवढंच सांगतो की गेलेली ताकद परत आली नाही. ती आकाशात गेली की बोर्डात जिरली, हे त्याला कळत नाही. तो लोड, म्हणजे डमी लोड, एक छटाकभरही प्रक्षेपण करत नाही आणि त्याचा डिप सगळ्यांत देखणा असतो.

बोर्ड किती खातो, याचा हिशोब

एफआर-फोरचा टॅन डेल्टा (बोर्ड किती ऊर्जा जिरवतो त्याचं माप) साधारण ०.०२ धरतात. म्हणजे डायइलेक्ट्रिकमुळे येणारा क्यू पन्नास; क्यू जितका कमी, तितकी त्या वाटेने ऊर्जा लवकर जाते. आता १.६ मिमी जाडीचा पॅच १४२० ला किती सहज प्रक्षेपण करतो ते बघा. तरंगलांबी २११ मिमी, जाडी तिच्या एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या पातळ फटीतून ऊर्जा बाहेर निघायला वेळ लागतो, आणि प्रक्षेपणाचा क्यू ११० च्या आसपास येतो. ऊर्जेला दोन दारं आहेत असं समजा. एक आकाशाकडे उघडतं, दुसरं बोर्डाच्या आत, आणि आतलं दार दुपटीने मोठं. तांब्यातली थोडी घट धरून हिशोब केला तर अँटेनाची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आसपास येते. सत्तर टक्के बोर्ड गरम करण्यात. खानदेशात बोर्ड गरम करायला वेगळी सोय लागत नाही, हा भाग अलाहिदा.

याच घटीमुळे डिप रुंद होतो. त्याच मापाच्या, घट नसलेल्या पॅचची बँडविड्थ जेमतेम नऊ मेगाहर्ट्झ असायला हवी. आमची तीस होती. आम्ही खूश होतो की बँडविड्थ चांगली मिळाली! आणखी एक खूण: गणिताने सांगितलेल्या जागेपेक्षा फीडचा बिंदू कडेकडे सरकवला तरच मॅच होतो, म्हणजे पन्नास ओहमशी जुळतो. घटीमुळे कडेवरचा रोध घसरतो, म्हणून पन्नास ओहम कडेजवळच सापडतात. ही खूण आम्हीही पाहिली होती आणि "सूत्रं अंदाजाची असतात" म्हणून सोडून दिली होती.

प्रसारणाच्या कामात पाच डेसिबल गेले तर माणूस ॲम्प्लिफायर मोठा लावतो. रेडिओ खगोलशास्त्रात तसं चालत नाही, कारण जे शोषतं ते स्वतः आवाजही करतं. इथे गोंगाटाची ताकदही तापमानासारखी केल्विनमध्ये मोजतात. ३०० केल्विनचा बोर्ड सत्तर टक्के शोषत असेल तर तो २१० केल्विनचा स्वतःचा गोंगाट एलएनएच्या तोंडात ओततो. समजा तुमच्या रुंद बीममध्ये आकाशगंगेच्या हायड्रोजनचे सरासरी २० केल्विन येतात आणि एलएनए ५० केल्विनचा आहे. एफआर-फोरच्या पॅचमधून पोचतात ६ केल्विन, पार्श्वभूमी २६० च्या वर. वाढ दोन-सव्वादोन टक्के, म्हणजे ०.१ डेसिबल. मध्ये बोर्डाऐवजी हवा असलेल्या पॅचमधून पोचतात १९, पार्श्वभूमी ८५ च्या आसपास. वाढ जवळजवळ ०.९ डेसिबल.

आता कुणी रेडिओमीटरचं सूत्र (सरासरीने गोंगाट किती घटतो ते सांगणारं) मांडून म्हणेल की दहा किलोहर्ट्झच्या खणात मिनिटभर सरासरी घेतली तरी सहा केल्विन सहज दिसायला हवेत. कागदावर खरंय. पण डोंगलच्या स्वतःच्या पट्ट्यातच ०.१ डेसिबलपेक्षा मोठ्या लाटा असतात, आणि तापमानाबरोबर त्या हलतात. सरासरी घेऊन यादृच्छिक गोंगाट कमी होतो, लाटा नाही. आमचा उंचवटा महिनाभर तिथेच होता, डोंगलच्या लाटांमध्ये लपलेला. आम्ही रात्रभर सरासरी घेत होतो ती त्या लाटांची.

चार पॅचच्या रचनेत आणखी एक गळती. एफआर-फोरवरची मायक्रोस्ट्रिप, म्हणजे ती छापील फीडची पट्टी, १४२० ला दर वीस सेंटिमीटरला एक डेसिबलच्या आसपास खाते. एलएनएच्या आधीचा एक डेसिबल म्हणजे सुमारे ७५ केल्विनची भर. ॲरेने मिळवलेला गेन त्याच ॲरेच्या फीडने परत घेतला.

घरच्या घरी दोन चाचण्या

पहिली, आकाश आणि जमीन. रात्री अँटेना, एलएनए, डोंगल सगळं लावून पॅच सरळ वर धरा, एकूण ताकद लिहून घ्या. मग तोच पॅच उलटा करून मोकळ्या जमिनीकडे धरा, मीटरभर अंतर ठेवून, नाहीतर जमीनच त्याला डिट्यून करते. जमीन ३०० केल्विनची, आकाश थंड. चांगल्या अँटेनात हा फरक पाच डेसिबलच्या आसपास यायला हवा. आमचा एक डेसिबलच्या थोडा वर आला. दोन मिनिटांची चाचणी, आणि आम्ही ती तीन महिन्यांनी केली. डोंगलचा ऑटो गेन बंद ठेवा, नाहीतर दोन्हीकडे सारखंच दिसेल आणि तुम्ही एलएनएला शिव्या द्याल.

दुसरी चाचणी पातेल्याची. शास्त्रात तिला व्हीलर कॅप म्हणतात, पण घरचं पातेलं चालतं. पॅच टेबलावर ठेवा, व्हीएनए जोडा, वरून धातूचं पातेलं उपडं घाला, त्याची कड ग्राउंड प्लेनला चहूबाजूंनी टेकली पाहिजे. आता आकाशाचं दार बंद. चांगला अँटेना असेल तर डिप एकदम बदलतो, उथळ होतो, नाहीतर सुईसारखा बारीक होतो, कारण ऊर्जेला जायला जागाच उरत नाही. आमच्या एफआर-फोरच्या पॅचवर पातेलं घातलं तेव्हा डिप जवळजवळ तसाच राहिला. पातेल्याखाली अँटेना निवांत होता, त्याला आकाशाची गरजच नव्हती. पातेलं नसताना क्यू ३३ च्या आसपास, घातल्यावर ४७. एकातून त्या दोहोंचा भागाकार वजा केला की कार्यक्षमता: तीस टक्के. कागदावरच्या हिशोबाशी इतकं जुळलं की मला जरा संशयच आला, म्हणून परत मोजलं.

पातेल्याचीही स्वतःची रेझोनन्स असते. म्हणून दोन वेगळ्या मापांची पातेली वापरा आणि दोन्हींत जे सारखं येईल तेवढंच खरं धरा. घरून नेणार असाल तर विचारून न्या.

उपाय: मधला पत्रा काढा

१९५१ साली हॅरॉल्ड यूइन आणि एडवर्ड पर्सेल यांनी हार्वर्डमध्ये हायड्रोजनची ही रेषा पहिल्यांदा पकडली, व्हॅन डी हुल्स्टने १९४४ मध्ये भाकीत केल्यानंतर सात वर्षांनी. त्यांचा अँटेना म्हणजे प्लायवुडचं, आतून तांबं लावलेलं शिंग होतं. शिंगाच्या आत फक्त हवा. हवेचा टॅन डेल्टा शून्य धरा, आणि ती फुकट आहे.

पॅचही हवेवर बनतो. खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, २०० बाय २०० मिमी किंवा मोठा. वर तांब्याचा किंवा पितळी पत्रा, मध्ये सहा मिमीचे नायलॉनचे स्पेसर, तेही चार कोपऱ्यांत नाहीत तर मधल्या रेषेवर, जिथे विद्युत क्षेत्र कमी असतं. लांबी सुमारे ९७ मिमी, रुंदी १०५. फीड लांबीच्या दिशेने कडेपासून २८-३० मिमीवर धरून सुरुवात करा आणि सरकवून मॅच शोधा. इथे दहापैकी नऊहून जास्त भाग ताकद आकाशाकडे जाते.

पत्रा आम्ही भांड्यांच्या बाजारातून आणला. जाडी मोजायला सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानात गेलो, कारण आमच्या लॅबच्या स्क्रूगेजपेक्षा त्यांच्यावर माझा जास्त विश्वास आहे. त्यांनी पितळ म्हणून हसून मोजून दिलं. पत्रा सपाट हवा, एवढंच. एक मिमी पोक आला तरी डिप जागचा हलतो.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा लोक विचारतात की धातू प्रसरण पावून फ्रिक्वेन्सी सरकेल का. पॅच ॲल्युमिनियमचा असता तरी तीस अंशांचा फरक म्हणजे एक मेगाहर्ट्झ. सोडून द्या. एफआर-फोरचं मात्र तसं नाही: उन्हात त्याचा एप्सिलॉन वाढतो, पावसाळ्यात तो ओल धरतो, आणि तापलेल्या बोर्डाचा गोंगाटही वाढतो.

एलएनए पॅचच्या पाठीवर, फीडला चिकटून लावा. पाच मीटर आरजी-५८ केबल खाली उतरवून मग एलएनए, असं कराल तर तीन डेसिबलहून जास्त घालवाल आणि मधला पत्रा काढल्याचं पुण्य केबलमध्ये संपेल. टॉवर जवळ असतील तर सॉ फिल्टर (नको त्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) असलेला एलएनए घ्या.

रडारचा किंवा कॅमेऱ्यासारख्या डिटेक्टरचा अभ्यास करणारे विचारतात की मग दुर्बिणींमध्ये छापील अँटेना चालतात कसे. चालतात, आणि तिथेही लढाई पत्र्याशीच आहे. सिलिकॉनचा एप्सिलॉन ११.७. त्यावर छापलेल्या अँटेनाची जवळजवळ सगळी ताकद हवेत न जाता सिलिकॉनमध्ये शिरते, साधारण चाळीसास एक. म्हणून वैश्विक पार्श्वप्रारण मोजणाऱ्या पोलरबेअरसारख्या प्रयोगात प्रत्येक छापील अँटेनाच्या मागे सिलिकॉनचं भिंग लावलं, म्हणजे जी ताकद पत्र्यात जाते तीच कामाची. तशाच बायसेप-टू प्रयोगात स्लॉट अँटेनांची जाळी होती, आणि जोडणाऱ्या पट्ट्या नायोबियमच्या, अतिवाहक. वर ते सगळं एका केल्विनच्याही खाली थंड केलेलं, त्यामुळे थोडी घट उरली तरी तिचा आवाज नगण्य. आपल्या गच्चीवर ती चैन नाही, म्हणून आपण हवा वापरायची.

दिसला तर तो हायड्रोजनच का

आलेखाच्या केंद्रातला तीक्ष्ण काटा डोंगलचा असतो, त्यावर नाचू नका. खरा उंचवटा रुंद असतो. एक किलोमीटर प्रति सेकंद वेग म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ सरक, आणि आकाशगंगेतले ढग दहा-वीस ते शंभर किलोमीटरच्या वेगाने इकडे-तिकडे धावतात, त्यामुळे उंचवट्याला दोन-तीन शिखरंही असू शकतात. पॅच एका दिशेला बांधून ठेवा आणि काही दिवस सलग नोंदी घ्या. तो उंचवटा रोज चार मिनिटं आधी आला तर तो आकाशाचा. रोज त्याच घड्याळाला आला तर शेजारच्या कुणाच्या तरी मोटारीचा किंवा दिव्याचा.

आपल्या अक्षांशावरून आकाशगंगेच्या पट्ट्यातला हंस तारकासमूह चांगला पडतो, उत्तरेकडे सत्तर अंशांवर. सप्टेंबरात संध्याकाळनंतर, मेमध्ये पहाटे पाचच्या सुमारास. आम्हाला तो मेच्या पहाटेच मिळाला, प्रदर्शन होऊन अडीच महिने झाल्यावर. ०.८ डेसिबल, डोळ्यांनी दिसेल असा, रात्रभर सरासरी न घेता. मामा चहा घेऊन आले तेव्हा पोरांनी स्क्रीन फिरवून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "एवढुसा?"